खुर्ची कुणाची, चाकं कुणाची?

हॉस्पिटलच्या दारात उभी असलेली व्हीलचेअर आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. काळं किंवा निळं रेक्झिन, चकचकीत नळ्या, मागे ढकलायला दोन मुठी, आणि पाठीवर ऑइलपेंटने लिहिलेलं 'वॉर्ड नं. ३'. आता तिच्याकडे जरा इंजिनियरच्या नजरेने बघा आणि तो प्रश्न विचारा जो आपण ऑफिसात रोज विचारतो (निदान विचारायला हवा): हिचा युजर कोण?

बसणारा? ढकलणारा वॉर्डबॉय? की पन्नास खुर्च्यांची एकदम ऑर्डर देणारा खरेदी खात्यातला माणूस?

या एका प्रश्नाच्या मागे लागलं की व्हीलचेअरचा जवळजवळ सव्वाचारशे वर्षांचा इतिहास उलगडत जातो. शिवाय ही खुर्ची नीट आणि सुरक्षित कशी वापरायची याचे नियम, जे एरवी छापील पत्रकातल्या सूचनांसारखे रटाळ वाटतात, ते का आहेत हेही कळतं. म्हणून या शनिवारी विषय जरा वेगळा.

सुरुवात राजापासून करू. स्पेनचा दुसरा फिलिप. अमेरिकेपासून फिलिपिन्सपर्यंत राज्य (फिलिपिन्स हे नावच मुळी त्याचं), पण म्हातारपणी संधिवाताने असा जखडला की चालता येईना. १५९५ च्या सुमाराला त्याच्यासाठी एक खुर्ची बनवली गेली. तिचं चित्र त्याच्या दरबारातल्या जेहान लेर्मीत नावाच्या माणसाने काढून ठेवलंय. पाठ मागे कलती करता यायची, पाय लांब करून ठेवायला फळी होती, गादी होती. सोयी सगळ्या! पण चाकं? चार पायांना चार छोटी चाकं. राजाचा हात त्यांच्यापर्यंत पोचायचा प्रश्नच नव्हता. राजाला हात लावायची गरज काय, ढकलायला नोकर होते. म्हणजे अर्ध्या जगाच्या मालकाला खिडकीपाशी जायचं तरी हाक मारावी लागायची.

साठ वर्षांनी, १६५५ मध्ये, जर्मनीत न्यूरेंबर्गजवळच्या आल्टडॉर्फ गावात श्टेफान फार्फलर नावाच्या २२ वर्षांच्या घड्याळजीने हे कोडं सोडवलं. त्याचे स्वतःचे पाय निकामी होते. ढकलायला नोकर ठेवण्याची ऐपत असायचं काही कारण नव्हतं. पण घड्याळजीकडे काय असतं? दातेरी चाकं! त्याने तीन चाकांची गाडी केली, पुढच्या चाकाला दातेरी चक्रं जोडली आणि हाताने फिरवायचे दांडे लावले. दांडे फिरवा, गाडी पुढे. सायकलची पूर्वज असलेली दोनचाकी जर्मनीतच १८१७ मध्ये आली, म्हणजे फार्फलरच्या गाडीनंतर तब्बल १६२ वर्षांनी. बसणाऱ्याने स्वतः चालवायच्या खुर्चीचा इतिहास बहुतेक जण इथूनच सुरू करतात, आणि मला त्यातली गंमत ही वाटते की पहिला डिझायनर आणि पहिला युजर एकच माणूस होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे.

अठराव्या शतकात लंडनमध्ये जॉन जोसेफ मर्लिन नावाचा एक अवलिया कारागीर होता. त्यानेही हातातल्या दांड्यांनी चालणारी, संधिवाताच्या रोग्यांसाठीची खुर्ची केली. हाच मर्लिन चाकांचे बूट म्हणजे रोलर स्केट्स बनवण्यासाठीही ओळखला जातो. असं सांगतात की एका मेजवानीत तो स्केट्स घालून व्हायोलिन वाजवत आला आणि थांबता न आल्याने थेट एका भल्यामोठ्या आरशावर जाऊन आदळला. चालवायची सोय केली होती, ब्रेकची नव्हती :-) खरं खोटं मर्लिन जाणे, पण चाकं असलेल्या कुठल्याही वस्तूचा पहिला धडा यात आला.

त्याच शतकात इंग्लंडमधल्या बाथ या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी 'बाथ चेअर' आली. श्रीमंत आजारी माणसं तिथे झऱ्यात डुंबायला यायची. तीन चाकं, पुढच्या चाकाला दांडा. दांडा बसणाऱ्याच्या हातात, म्हणजे वळवायचं त्याने. पण ढकलायचं मागच्या माणसाने! स्टिअरिंग एकाकडे आणि इंजिन दुसऱ्याकडे. आपल्यापैकी ज्यांनी मोठ्या कंपनीत प्रोजेक्ट केलंय त्यांना ही रचना ओळखीची वाटेल.

आज आपण पाहतो त्या आकाराची खुर्ची, म्हणजे मागे मोठी चाकं आणि पुढे छोटी, हिचं अमेरिकेतलं पेटंट १८६९ चं आहे. सायकलचं युग सुरू होतंच. तारेचे आरे आणि रबरी टायर तिथून आले. मग मोठ्या चाकाला बाहेरून आणखी एक कडं लागलं, हाताने धरून फिरवायचं. इंग्रजीत हँडरिम म्हणतात. त्याचं साल १८८१ दिलं जातं. हे साधं कडं मला फार आवडतं. एक तर रस्त्यावरचा चिखल हाताला लागत नाही. दुसरं म्हणजे तो चक्क गिअर आहे. कडं जितकं लहान तितकं एका ढकलण्यात चाक जास्त पळतं, पण जोरही जास्त लागतो. शर्यतीच्या खुर्च्यांची कडी म्हणूनच इवलीशी असतात.

यानंतरचा मोठा टप्पा १९३३ चा. हर्बर्ट एव्हरेस्ट हा खाणीतला इंजिनियर. १९१८ च्या अपघातात कंबरेखालचं शरीर लुळं पडलेलं. त्या काळच्या लाकडी, अवजड खुर्च्या मोटारीत मावायच्या नाहीत, म्हणजे घराबाहेर पडायचं झालं की खुर्ची घरीच. त्याचा मित्र हॅरी जेनिंग्ज, मेकॅनिकल इंजिनियर. दोघांनी मिळून पोकळ स्टीलच्या नळ्यांची घडीची खुर्ची केली. हॉस्पिटलच्या खुर्चीखाली वाकून बघा, दोन नळ्या फुलीसारख्या एकमेकींवर आडव्या गेलेल्या दिसतील. सीट मधून वर ओढलं की फुली मिटते आणि खुर्ची बंद छत्रीसारखी जवळ येते. ती त्यांची करामत. पेटंट १९३७ चं.

पुन्हा बघा, युजरनेच डिझाइन केलेलं. पण पुढे काय झालं? 'एव्हरेस्ट अँड जेनिंग्ज' ही कंपनी इतकी मोठी झाली की बाजारात तिला स्पर्धकच उरेना, आणि १९७७ मध्ये अमेरिकन सरकारने तिच्यावर मक्तेदारीविरोधी खटला भरला. चाळीसेक वर्षं खुर्ची जवळपास तीच राहिली. जड, एकाच मापाची, हॉस्पिटलला परवडणारी. एका माणसाने बाहेर पडण्यासाठी केलेली वस्तू वॉर्डातलं फर्निचर होऊन बसली. आपल्या भाषेत लेगसी सिस्टीम.

या मधल्या काळात एक वेगळीच क्रांती झाली, आणि ती खुर्चीत झाली नाही, खुर्चीत बसणाऱ्या शरीराबद्दल झाली.

पहिल्या महायुद्धात पाठीच्या कण्याला इजा झालेले बहुतेक सैनिक फार दिवस जगले नाहीत. मारणारी गोळी नसायची, बेडसोअर आणि मूत्रमार्गातला जंतुसंसर्ग असायचा. लुडविग गुटमान हा ज्यू डॉक्टर १९३९ मध्ये जर्मनी सोडून इंग्लंडला आला आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये स्टोक मँडव्हिल इथल्या कण्याच्या रुग्णांच्या विभागाचा प्रमुख झाला. त्याचा सगळ्यात महत्त्वाचा नियम ऐकायला अगदी किरकोळ वाटेल: रात्रंदिवस, दर दोन तासांनी पेशंटची कूस बदला. बस्स. या शिस्तीने माणसं वाचली.

कारण साधं आहे. तुम्ही हे वाचताना खुर्चीत चारदा तरी हलला असाल. ढुंगणाखालच्या हाडांवर दाब आला, रक्त पोचेनासं झालं की मेंदू न विचारता आपल्याला हलवतो. कण्याला इजा झाली की तो निरोपच येत नाही. कातडी आतून मरत जाते आणि माणसाला पत्ताही लागत नाही. म्हणून व्हीलचेअर वापरणाऱ्याला आजही पहिली शिकवण हीच: दर १५ ते ३० मिनिटांनी पुढे वाका किंवा एका बाजूला झुका, आणि मिनिट-दोन मिनिटं तसेच राहा. मोबाइलचा अलार्म लावला तरी चालेल. रोज आरशात कातडी बघा. लाल डाग दिसला आणि दाब काढल्यावरही जात नसेल तर त्या जागेवर बसणं बंद करून डॉक्टरला दाखवा. आणि गादी! गादी म्हणजे चैन नाही, ते औषध आहे. बसलेल्या माणसाच्या हाडाखाली हात सरकवून बघायचं. हाताला सीटचा कडक तळ आणि हाड यांच्यामध्ये जाडी जाणवली नाही तर गादी संपली म्हणून समजा.

गुटमान एवढ्यावर थांबला नाही. २९ जुलै १९४८, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दिवशी, त्याने हॉस्पिटलच्या हिरवळीवर १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. त्यातूनच १९६० मध्ये रोमला पहिलं पॅरालिंपिक झालं. आणि इथे आपला माणूस येतो. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर, १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झालेले सैनिक. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात ३७.३३ सेकंदांत सुवर्ण. भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण! पद्मश्री मिळायला मात्र २०१८ साल उजाडलं. २०२४ मध्ये सिनेमा आला तेव्हा कुठे आपल्यातल्या अनेकांना नाव कळलं.

आता पुन्हा खुर्चीकडे. १९७८, कॅलिफोर्निया. मॅरिलिन हॅमिल्टन हँग ग्लायडरवरून पडली आणि पाय गेले. हातात आली ती तीच जुनी स्टीलची खुर्ची. तिचे दोन मित्र हँग ग्लायडर बनवायचे. ती त्यांना म्हणाली, ग्लायडरच्या ॲल्युमिनियम नळ्यांची खुर्ची करून द्या. ती 'क्विकी' खुर्ची. वजन जुन्या खुर्चीच्या निम्म्याहून कमी, रंग झगझगीत, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मोठ्या चाकाचा आस मापाप्रमाणे पुढे-मागे करता यायचा.

हे शेवटचं महत्त्वाचं का? समजा आस मागे आहे. मग वजन पुढच्या छोट्या चाकांवर पडतं. छोटं चाक प्रत्येक खड्ड्यात अडकतं, खुर्ची जड चालते. शिवाय हात मागे नेऊन ढकलावं लागतं. आस पुढे आणला की खुर्ची हलकी चालते, चटकन वळते, पण मागे उलटण्याची शक्यता वाढते. म्हणजे स्थिरता आणि वेग यांचा सौदा आहे, आणि तो प्रत्येकाच्या शरीरानुसार वेगळा ठरतो. कारखान्यात ठरवता येत नाही.

आणि खांदे. खांद्याचा सांधा निसर्गाने वस्तू घ्यायला केला, दिवसभर चालायला नाही. वर्षानुवर्षं खुर्ची ढकलणाऱ्यांचे खांदे आणि मनगटं दुखायला लागतात, आणि ज्याचे पाय आधीच गेले त्याचे हात गेले तर मग सगळंच अवघड. अमेरिकेतल्या पॅराप्लेजिक माजी सैनिकांच्या संघटनेने २००५ मध्ये यावर मार्गदर्शक सूचना काढल्या. सार असं: आस स्थिरता सांभाळून शक्य तितका पुढे. हात कड्याच्या सर्वांत वरच्या जागी ठेवला की कोपराचा कोन १०० ते १२० अंश. छोटे छोटे झटके मारू नका, लांब आणि सावकाश ढकला. ढकलून झालं की हात कड्याच्या खालून, अर्धवर्तुळात मागे आणा. खुर्ची जितकी हलकी तितकी बरी.

हे सगळं मी वाचलं ते मावशीमुळे. कण्याच्या आजारानंतर तिच्यासाठी खुर्ची घ्यायची होती. दुकानदाराने एकच प्रश्न विचारला, "बजेट किती?" कुणाला हवीय, उंची किती, हात चालतात का, काही नाही. समोर १८ इंची सीटची खुर्ची ठेवली. मावशी चण्याएवढी! त्या खुर्चीत ती एका बाजूला कलून बसली असती, आणि दोन्ही हात कोंबडीच्या पंखांसारखे फाकवून चाकापर्यंत न्यावे लागले असते. फिजिओथेरपिस्ट बाईंनी टेप घेऊन मापं काढली, तेव्हा १६ इंची घेतली. मावशीची मागणी एकच होती: "भाजीवाला आला की कुणाला हाक न मारता गेटपर्यंत जाता आलं पाहिजे." दुसऱ्या फिलिपला जे जमलं नाही ते तिला हवं होतं.

त्या बाईंनी तिला ज्या गोष्टी घोटून शिकवल्या त्या इथे लिहून ठेवतो, कुणाला उपयोगी पडतील:

सीटची रुंदी कमरेपेक्षा दोन-तीन सेंटिमीटरच जास्त. सीटची पुढची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यात दोन-तीन बोटं जागा.

ब्रेक हे गाडी उभी करायचे आहेत, चालती गाडी थांबवायचे नाहीत. चालताना थांबायचं ते हाताने कड्यावर हळूहळू पकड घट्ट करून. आणि हा ब्रेक टायरवर दाबून बसतो, त्यामुळे टायरमधली हवा कमी झाली की ब्रेकही ढिला. दर आठवड्याला टायर दाबून बघायचे. हवा कमी असली की ढकलायलाही जास्त जोर लागतो, तो भुर्दंड पुन्हा खांद्यालाच.

पलंगावरून खुर्चीत येताना आधी दोन्ही ब्रेक, मग फूटरेस्ट वर. फूटरेस्टवर उभं राहायचं नाही, खुर्ची पुढे उलटते.

मागच्या मुठींना भाजीची जड पिशवी अडकवायची नाही, खुर्ची मागे उलटते. पिशवी मांडीवर किंवा सीटखाली.

चढावर पुढे वाकायचं, उतारावर मागे टेकायचं. पायरी उतरवताना मदतनीस असेल तर खुर्ची उलटी फिरवून, मोठी चाकं आधी खाली. आणि मदतनिसाने न विचारता मुठींना हात लावायचा नाही. (हा शेवटचा नियम मावशीचा स्वतःचा.)

खुर्ची नीट मिळाली तरी पुढे आपली सोसायटी असतेच. तिथे रॅम्प आहे म्हणतात तो बहुधा स्कूटर चढवायला केलेला असतो. व्हीलचेअरचा रॅम्प किती लांब हवा याचं गणित जुनं आहे. अमेरिकेत १९६१ मध्ये निघालेल्या मानकात चढ १:१२ पेक्षा तीव्र नको असं सांगितलं, आणि आपल्याकडेही तोच आकडा वापरतात. १५ सेंटिमीटरची एक पायरी असेल तर रॅम्प १.८ मीटर. तीन पायऱ्या असतील तर ५.४ मीटर. आता आपल्या बिल्डिंगच्या दारात पावलं टाकून मोजून बघा! दीड मीटरच्या लोखंडी पत्र्यावर तीन पायऱ्या बसवलेल्या असतात. त्यावरून स्वतः चढणं जवळजवळ अशक्य, आणि उतरणं धोक्याचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सुगम्यता हा हक्क म्हणून आलाय. पण कायदा आला म्हणून पत्रा लांब होत नाही, त्यासाठी सोसायटीच्या मीटिंगला कुणीतरी टेप घेऊन उभं राहावं लागतं.

आपल्याकडचे रस्ते हा तर स्वतंत्र लेखाचा विषय. तरी एक नाव सांगायलाच हवं. राल्फ हॉचकिस, अमेरिकन इंजिनियर, १९६६ च्या मोटरसायकल अपघातानंतर खुर्चीत. १९८० मध्ये तो निकाराग्वाला गेला, तिथे चार तरुण मुलं एकच खुर्ची आळीपाळीने वापरत होती आणि स्वतःच तिच्यात सुधारणा करत होती. हॉचकिस त्यांच्याकडून शिकला. पुढची रुंद रबरी चाकं, जी वाळूत आणि खड्ड्यात रुतत नाहीत, ती झिंबाब्वेतून आली. लांब बूड, ज्याने खुर्ची पुढे उलटत नाही. गावातल्या सायकलच्या दुकानात मिळतील असे सुटे भाग. आपल्याकडे आयआयटी मद्रासमधून आलेली, प्रत्येकाच्या मापाने बनवायची 'निओफ्लाय' खुर्ची आणि तिला पुढे जोडायचं 'निओबोल्ट' हे मोटरचं चाक २०२१ मध्ये बाजारात आलं, ते याच वाटेवरचं पाऊल.

आणि मराठीत वाचायचंच असेल तर कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं आत्मचरित्र वाचा. नावच 'चाकाची खुर्ची'. ऐन तारुण्यात पाय गेल्यावर त्यांनी १९८४ मध्ये कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. फार्फलर, एव्हरेस्ट, हॅमिल्टन, हॉचकिस यांच्या रांगेत मी त्यांनाही बसवतो, कारण इथेही तेच झालं: ज्याची अडचण, त्यानेच हत्यार हातात घेतलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे ८ कोटी लोकांना व्हीलचेअरची गरज आहे, आणि बहुतेक ठिकाणी ती मिळणारे थोडेच. त्यातही मिळते ती बरेचदा वॉर्ड नं. ३ वाली. तेव्हा तुमच्या घरी, शेजारी, ऑफिसात कुणाला खुर्ची घ्यायची वेळ आली तर बजेटच्या आधी टेप काढा, आणि बसणाऱ्याला विचारा की तुला एकट्याने कुठपर्यंत जायचंय. मग त्या उत्तराप्रमाणे खुर्ची निवडा.

असो. पुढच्या शनिवारी वेगळा विषय. तोवर सोसायटीचा रॅम्प तेवढा मोजून ठेवा.